माझ्या बाजूचं रबर

मेकॅनिकने पेडलांची दोन रबरं काढून माझ्या तळहातावर ठेवली. दोन्ही ब्रेकची. एक शिकणाऱ्याच्या बाजूचं, एक माझ्या बाजूचं. शिकणाऱ्याच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. माझं मात्र संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"दोन्ही एकाच दिवशी बसवली होती," तो म्हणाला. "आठ महिने झाले. रागावणार नसाल तर एक विचारू का मॅडम? तुमच्या गाडीत गाडी चालवतं कोण?"

"चालवतं कोण म्हणजे? विद्यार्थी चालवतात!" माझा आवाज चढला. मला कुणी असं काही विचारलं की तो आपोआप चढतो.

"नाही, शिकवणाऱ्यांची रबरं कोरी असतात. वर्षानुवर्षं बदलावी लागत नाहीत. तुमचं बघितलं म्हणून गंमत वाटली."

गंमत! त्याला गंमत वाटली आणि तो पुन्हा गाडीखाली सरकला. मी तिथेच उभी राहिले, हातात दोन रबरं घेऊन.

एकोणीस वर्षं मी गाडी चालवायला शिकवतेय. आमच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर एक जादा पेडल असतं. नुसता ब्रेक, बाकी काही नाही. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने दाबायचा. दोन्ही ब्रेक तारेने जोडलेले, त्यामुळे मी दाबला की त्याच्या पायाखालचाही खाली जातो. ते पेडल आहे अडीअडचणीसाठी. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगत आले. "मी आहे, पण मी नाही असं समजून चालवा," हे माझं पहिल्या तासाचं वाक्य.

आणि मिरवत तर काय होते मी! एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. माझ्या गाडीत कुणी किंचाळत नाही, कुणाचं डोकं पुढे आपटत नाही. घरात मला इंडिकेटरबाई म्हणतात, कारण मी स्वयंपाकघरात वळतानासुद्धा हात करून वळते. हसू देत. मी शिकवते ती गोष्ट एकच: रस्त्यावर हुशारी दाखवू नका, आपण आता काय करणार हे मागच्याला आणि पुढच्याला आधी कळू द्या. आरसा, सिग्नल, मग वळण. ठरलेला वेग, ठरलेलं अंतर. लहर आली म्हणून काही करायचं नाही. तुमचा अंदाज लागला पाहिजे, बास.

मी डावा बूट काढला आणि उलटा करून बघितला. माझं पेडल दाराच्या बाजूला, त्यामुळे गाडीत माझा उजवा पाय मोकळा असतो आणि ब्रेकवर असतो डावा. डाव्या बुटाचा तळ चवड्याखाली पार झिजून पातळ झाला होता. उजवा धडधाकट. असे तीन जोड मी बदलले होते आणि तिन्ही वेळा दुकानदाराला फैलावर घेतलं होतं, असला कसला माल विकता म्हणून.

मला एकदाही आठवत नव्हतं. तेच तर भयंकर होतं. ब्रेक दाबल्याचं मला आठवत असतं तर मी मोजलं असतं, कुणासाठी किती वेळा दाबला ते. पण माझा पाय माझ्या नकळत, शिकणाऱ्याच्या अर्धा क्षण आधी, अगदी हळूच दाबत असणार. त्यांना वाटत असणार आपणच दाबला. आणि मलाही तसंच वाटत होतं. मी शाबासकी देत होते, माझ्याच पायाला.

मग एकदम आठवलं. वहिनी!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय चोपन्न. भाऊ जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. आई त्यांच्याकडेच असते. सहा महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी केंद्रात न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये, पुन्हा मोडलं तर म्हातारी उठायची नाही. हे ते तिच्यासमोरच म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, "म्हातारी ऐकतेय हो."

आधी मी नेत होते. माझे तास बुडायला लागले. मग एक दिवस वहिनी म्हणाली, "वन्सं, मीच शिकते." मला ती मुद्दाम वन्सं म्हणते, चिडवायला. चार महिने ती माझ्या गाडीत बसली. मी तिला शिकवलं तेवढं कुणालाच शिकवलं नसेल. चौकातल्या मैदानावर परीक्षा झाली, तीही माझ्याच गाडीत, मी शेजारी बसलेली, शंकूच्या मधून गाडी काढायची, रेघेवर थांबायचं, समोरून येणारं काळं कुत्रं नाही. पास झाली. मी चार लोकांत सांगितलं, आमच्या वहिनीच्या पायात ब्रेक जन्मजात आहे.

आणि आज, आत्ता, ती आईला शेजारी बसवून पहिल्यांदा एकटी निघणार होती. त्यांच्या घरच्या गाडीत. त्या गाडीत माझ्या बाजूला पेडल नाही. त्या गाडीत मीच नाही.

घड्याळात पाहिलं. दहाला पाच कमी. त्या दहाला निघणार होत्या. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. आणि मग मला कळलं की तो वाजतच राहणार. गाडीत बसल्यावर फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, हे कुणी शिकवलं? मी शिकवलं. आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी निघा, म्हणजे घाई होत नाही, हे? तेही मीच!

आईला फोन लावला. तिने उचलला.

"आई, ऐक, वहिनीला सांग गाडी बाजूला—"

"अगं, आम्ही गाडीत आहोत. बोलू नकोस, तिचं लक्ष जातं. तूच सांगितलंयस ना?" आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद. माझ्या आईने उभ्या आयुष्यात माझं कधी ऐकलं नाही, आणि ऐकायला मुहूर्त सापडला तो हा.

"तुमची व्हॅन द्या," मी मेकॅनिकला म्हणाले.

गाडीखालून त्याचं तोंड बाहेर आलं. "सामानाची? मॅडम, तुम्हाला झेपणार—"

"मला झेपणार नाही? मला?" मी किल्ली खिळ्यावरून काढलीसुद्धा होती.

त्या कुठे असतील हे मला तंतोतंत माहीत होतं. चार महिने एकच रस्ता घोटून घेतला होता. पाण्याच्या टाकीवरून औषधांच्या दुकानाशी वळण, मग गोल चौक, मग वाचनालयाचा सरळ रस्ता, मग केंद्र. वेग चाळीस. याच्यात बदल नाही. ती आत्ता औषधांच्या दुकानाशी वळत असेल. आधी आरसा बघेल, मग सिग्नल देईल. गोल चौकात थांबेल. आणि मग येईल वाचनालय.

वाचनालयासमोर पादचाऱ्यांचे पट्टे आहेत, आणि पट्ट्यांच्या अगदी अलीकडे रोज सकाळी पुस्तकांचा किंवा कागदाचा ट्रक उभा असतो. ट्रकच्या आडून माणूस निघाला की थेट बॉनेटसमोरच दिसतो. एकदा तिथून एक बाई बाबागाडी ढकलत निघाली होती. गाडी हळुवार थांबली होती. मी म्हणाले होते, "वा, वहिनी!" आता मला आठवत होतं की माझा डावा गुडघा तेव्हा ताठ झाला होता. गुडघा ताठ झाला होता म्हणजे पाय दाबला होता. देवा रे.

मी व्हॅन बाहेर काढली ती आरसा न बघताच. काय काय केलं ते सांगते, लपवून काय करू. पहिल्या वळणावर सिग्नल दिला नाही. एका सायकलवाल्याला इतक्या जवळून ओलांडलं की तो ओरडला, "बाई, इंडिकेटर शोभेला बसवलाय का?" पिवळा दिवा लागलेला असताना चौक ओलांडला, आणि खरं सांगायचं तर तो तोवर लाल झाला होता. एका टॅक्सीच्या चुकीच्या बाजूने पुढे घुसले. हॉर्न तर बोंबलतच होता. यातली एक गोष्ट जरी माझ्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला गाडीतून उतरवून चालत घरी पाठवलं असतं.

आणि डोळ्यासमोर सारखं एकच दिसत होतं. आईचा तो पाय, उशीवर ठेवलेला, चादरीत गुंडाळलेला. गाडीला हिसका बसला तर आई पुढे जाईल. पट्टा आहे, पण पट्टा छातीला धरतो, खुब्याला काय धरणार? आणि वहिनी? ती तर मला कधीच म्हणणार नाही की तू मला धड शिकवलं नाहीस. ती म्हणेल, माझंच चुकलं. मला रडूच फुटलं स्टीअरिंगवर. "थांब गं, थांब गं," असं मी मोठ्याने बडबडत होते, आणि माझं मलाच कळत नव्हतं की कुणाला सांगतेय.

वाचनालयाच्या रस्त्याला लागले आणि समोर ती दिसली. दादाची निळी गाडी. आपल्या लेनच्या बरोबर मध्ये, तिच्या ठरलेल्या जागी. चाळीसच्या वर नाही, खाली नाही. दोघींची डोकी मागून दिसत होती. वहिनीचं ताठ, आईचं एका बाजूला कललेलं. हायसं वाटलं. पण लगेच पुढे ट्रक दिसला. रोजच्या जागी उभा.

मी दिवे मारले. हॉर्न दिला. वहिनीला व्हॅन ओळखीची नाही. तिने काय करावं? जे मी शिकवलं तेच. मागचा घाई करत असेल तर घाबरू नका, वेग थोडा कमी करा, त्याला जागा दिसू द्या. तिने वेग कमी केला. मी आणखी जवळ गेले. दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवायचं हे मी आयुष्यभर बोटं मोजून सांगितलं, आणि आता आमच्या मध्ये एक माणूस धड उभा राहिला नसता. माझं लक्ष माझ्या गाडीकडे नव्हतंच. मी तिच्या गाडीत बसले होते. तिच्या शेजारी. तिच्या काचेतून रस्ता बघत होते.

ट्रकच्या आडून एक काठी बाहेर आली. मग काठी धरलेले आजोबा.

ब्रेक! मी ब्रेक दाबला, जीव खाऊन दाबला. आणि व्हॅन थांबली नाही. ती अगदी मोकळी, अलगद पुढे जात राहिली. माझा डावा पाय तळापर्यंत गेला होता. डावा पाय. आणि व्हॅनमध्ये डाव्या पायाखाली क्लच असतो.

एकोणीस वर्षं माझा ब्रेक डाव्या पायाखाली होता. मी उजवा पाय उचलला, शोधला, दाबला. तोवर आवाज झाला होता.

फार मोठा नव्हता. पत्र्याचा आणि काचेचा आवाज. निळी गाडी पुढे हलली. किती? वीतभर. मग जागच्या जागी घट्ट उभी राहिली. आजोबा पट्ट्यांवर थबकले होते, काठी उचललेली, आणि त्यांच्यात आणि निळ्या गाडीच्या नाकात चांगलं माणूस आडवं झोपेल एवढं अंतर होतं. पट्ट्यांच्या इतकं अलीकडे थांबा की मागून कुणी ढकललं तरी पुढच्याला लागू नये. हे मी शिकवते. पण सांगताना मागचा कोण असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी दार उघडं टाकून धावले. आईच्या काचेवर थापा मारायला लागले. वहिनीने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. थांब. तिने हँडब्रेक ओढला. इशाऱ्याचे दिवे लावले. गाडी बंद केली. आरशात बघितलं. मग आईच्या बाजूची काच खाली आली. ती काच खाली येईपर्यंत माझं निम्मं आयुष्य सरलं.

"आई! लागलं का? पाय? पाय कसा आहे?"

"मी ठणठणीत आहे. जरा हललं, एवढंच," आई म्हणाली. तिने अजून माझ्याकडे बघितलं नव्हतं, ती मान वळवून मागची व्हॅन बघायच्या खटपटीत होती. "पण मागे तो गाढव कोण आहे?"

"मी आहे, आई."

आईने मान पुढे केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या त्या बघण्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

वहिनी माझ्या बाजूला आली. तिने माझे दोन्ही दंड धरले. "तुला लागलं का गं?" पंचवीस वर्षांत ती मला पहिल्यांदा तू म्हणाली. मी मान हलवली आणि हमसून हमसून रडायला लागले, भर रस्त्यात.

तेवढ्यात आजोबा काठी टेकत आमच्यापाशी आले. मला वाटलं आता हे शिव्या घालणार, आणि घालायलाच हव्या होत्या. त्यांनी आधी वहिनीला मान लववली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही गाडी चालवायला शिकून घ्या कुणाकडून तरी. या बाईंकडून शिकलात तरी चालेल."

वहिनीने ओठ दाबून धरले होते. आईने धरले नाहीत. ती खो खो हसली, खुब्यावर हात ठेवून.

वहिनीने दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, आजोबांचा नंबर घेतला, मेकॅनिकला फोन करून व्हॅन घ्यायला बोलावलं, रस्ता मोकळा व्हावा म्हणून व्हॅन कडेला लावली. मी नुसती उभी. तिच्या गाडीचा मागचा एक दिवा फुटला होता आणि बंपर आत गेला होता. काचा तिने वर्तमानपत्रात गोळा केल्या. मग मी खिशातून ती दोन रबरं काढली आणि सगळं सांगून टाकलं. की पाय माझा होता. की तिला ब्रेक येतो की नाही हे मला माहीतच नाही. की तिची परीक्षा खोटी, माझी शाबासकी खोटी.

तिने गुळगुळीत रबर बोटाने चाचपून बघितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा पाय. पहिल्या आठवड्यापासून. माझा पाय टेकायच्या आधीच पेडल खाली निघून जायचं. मला वाटलं, सांगावं का? पण तुमचा चेहरा बघितला तर तुम्हालाच पत्ता नव्हता. कसं सांगू? तुम्ही एवढ्या कौतुकाने वा, वहिनी म्हणत होता."

"मग?"

"मग मी ठरवलं, तुमच्या आधी दाबायचा. रोज तोच खेळ. गोल चौकात तुम्ही तिसऱ्या खांबापाशी दाबता. इथे तर कुणी असो नसो, ट्रकचं मागचं चाक आलं की दाबताच. मी चाकाच्याही आधी दाबायला लागले. शेवटचा महिनाभर तुमचा पाय रिकामाच खाली जायचा, वन्सं. तुमचा अंदाज लागतो हो. तुम्हीच म्हणता ना, अंदाज लागला पाहिजे?"

मी तिला मिठी मारली आणि तिने माझ्या पाठीवर थोपटलं, एकदा, दोनदा, मग म्हणाली, "बसा आता मागे. आईंना उशीर होतोय."

मी आईच्या मागच्या सीटवर बसले. वहिनीने पट्टा लावला, आरसा बघितला, सिग्नल दिला, थांबली, मग निघाली. गाडी जराही थरथरली नाही. पुढे सिग्नल लाल झाला. माझा डावा पाय खाली गेला.

"अगं, माझ्या पाठीत काय खुपसतेस?" आई ओरडली.

"त्या ब्रेक मारताहेत, आई," वहिनी म्हणाली. गाडी रेघेच्या अलीकडे केव्हाच थांबली होती. "वन्सं, पाय वर घ्या बघू."

मी बूट काढले आणि सीटवर मांडी घालून बसले. पन्नाशीची बाई, लहान मुलीसारखी. केंद्र येईपर्यंत पाय खाली सोडले नाहीत.

आईला आत नेलं. वहिनी तिच्याबरोबर गेली. मी बाहेरच्या खोलीत बाकावर बसले, जरा श्वास घेतला, आणि मग कुणीतरी थंड पाणी ओतावं तसं अंगावर आलं. वहिनीला कळलं. कारण वहिनी वहिनी आहे. चार महिने ती माझ्या शेजारी बसली, आणि त्याआधी पंचवीस वर्षं माझा स्वभाव तिने झेललाय. पण बाकीच्यांना? रबरं बसवल्यापासून माझ्या हाताखालून सतरा जण पास होऊन गेले. सतरा. आणि त्याआधीची वर्षं तर मी मोजायलाच घाबरले. ते सगळे आत्ता रस्त्यावर असतील. चाळीसच्या वेगाने, आरसा बघून, सिग्नल देऊन, अगदी शहाण्यासारखे. आणि ब्रेक?

मी फोन काढला. वहीतली यादी माझ्या फोनमध्ये असते. वरून सुरुवात केली. नर्सबाईंनी उचलला. मी म्हणाले, उद्या एक तास या, मी पाय वर घेऊन बसणार आहे, तोवर गाडी काढू नका. का, असं त्यांनी विचारलं, मी खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, येते. निवृत्त पोस्टमास्तरांनी चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. शिंपीकाका म्हणाले, मला वाटायचंच, पेडल फार शहाणं आहे म्हणून. केस कापणारी मुलगी रडायला लागली, तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. एकेकाच्या नावापुढे खूण करत गेले.

सोळा झाले. एकच राहिली. जुळ्यांची आई. फार हसरी बाई, माझी लाडकी. चुकली की स्वतःच जीभ चावायची. मी तिलाही म्हणाले होते, तुझ्या पायात ब्रेक जन्मजात आहे.

फोन वाजत होता. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेअकरा. साडेअकराला ती दोन्ही पोरांना बालवाडीतून आणायला निघते. तिनेच सांगितलं होतं. वाचनालयाच्या रस्त्यानेच.

फोन वाजून वाजून बंद झाला. मी पुन्हा लावला. फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी होती ती, मी सांगितलेलं एकूण एक पाळायची.

आतून आईचा आवाज आला, ती व्यायाम शिकवणाऱ्या बाईशी भांडत होती. वहिनी हसत होती. माझ्या कानाशी फोन वाजत होता, आणि डावा पाय फरशीवर गच्च दाबून मी बसले होते.